दोन महिने थंडीत ठेवलेल्या घरगुती बिअरमध्ये गॅस कसा भरायचा? अ‍ॅपमधला 'तापमान'चा रकाना आधी समजून घ्या

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप हमखास सापडतं, ते म्हणजे प्रायमिंग कॅल्क्युलेटर. बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये किती साखर घालायची, हे ते सांगतं. त्यात चार-पाचच रकाने असतात. बिअर किती आहे, गॅस किती हवा, साखर कोणती वापरणार, आणि बिअरचं तापमान किती. पहिले तीन रकाने आपण डोळे झाकून भरतो. चौथाही तसाच भरतो, आणि दोन-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलेल्या लागरची माती होते ती नेमकी तिथेच. एक तर बिअर मिळमिळीत निघते, नाहीतर बाटली फुटते.

आज आपण तो रकाना नक्की काय विचारतो, त्यामागचं गणित काय आणि इतका काळ थंडीत राहिलेल्या बिअरला बाटलीत पुन्हा कसं जागं करायचं, ते बघणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात राहतो. इथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून तो लागू झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही, आणि वय २१ पूर्ण हवं. महाराष्ट्रात तसं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात घरगुती बिअरही आली. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये हा प्रयोग करू नका. पण जिंजर एल किंवा कोंबुचा बनवत असाल तर बाटलीतल्या गॅसचे नियम हेच आहेत, तेवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

लागर म्हणजे मुळात 'साठवलेली' बिअर

'लागर' हा शब्द जर्मन भाषेतला, अर्थ साठवणं. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी घातली गेली, कारण उकाड्यात बनवलेली बिअर नासायची. मग हिवाळ्यात बनवायची आणि थंड तळघरांत, बर्फाच्या आधाराने उन्हाळाभर टिकवायची, अशी पद्धत पडली. आमच्या मिलवॉकीत एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी हेच केलं. तळ्यातला बर्फ कापून आणायचा आणि टेकडीत खोदलेल्या भुयारांत बिअरची पिंपं ठेवायची. मिलर कंपनीची तशी भुयारं आजही आहेत. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतकरणाची यंत्रं बनवली, तेव्हा त्यांचे सुरुवातीचे गिऱ्हाईकही म्युनिकमधले बिअरवालेच होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा एक पूर्वज लागरसाठी जन्माला आला, असं म्हणायला हरकत नाही.

आज घरी लागर बनवणारा माणूस साधारण असं करतो. १२ अंश सेल्सियसच्या आसपास आठ-दहा दिवस फर्मेंटेशन. मग तीन-चार दिवस तापमान १८ अंशांपर्यंत वाढवायचं. याला डायअ‍ॅसिटिल रेस्ट म्हणतात, त्याने लोण्यासारखा नकोसा वास जातो. त्यानंतर हळूहळू १-२ अंशांवर आणून सहा ते आठ आठवडे तसंच ठेवायचं. या काळात यीस्ट तळाशी बसतं, बिअर स्वच्छ होते, चव गोल होते. शेवटी बाटल्या भरायच्या.

पण या भांड्याच्या तोंडाला एअरलॉक असतो. त्यातून तयार होणारा गॅस बाहेर निसटतो. म्हणजे बाटल्या भरायच्या दिवशी आपल्याकडे उत्तम चवीची, पण जवळपास शांत बिअर असते. फसफस आणायला बाटलीत मोजून साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती खातं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो, झाकण बंद असल्यामुळे त्याला बाहेर जाता येत नाही आणि तो बिअरमध्येच विरघळतो.

'व्हॉल्यूम' म्हणजे काय?

बिअरमधला गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल तर तो १ व्हॉल्यूम (गॅसचा हा लिटर ० अंश आणि साध्या हवेच्या दाबाला मोजलेला धरतात). इंग्लिश पबमधल्या एलमध्ये तो दोनच्याही खाली असतो, बहुतेक लागरमध्ये २.५ च्या आसपास.

आपली नेहमीची पांढरी साखर घेतली तर लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर १ व्हॉल्यूम गॅस देते. नेमका हिशोब ४ च्या किंचित खाली येतो, पण ४ धरलं तरी चालतं. हा आकडा पाठ करा, कारण अ‍ॅपने काही भलतंच उत्तर दिलं तर तुम्हाला ते याच आकड्यावरून कळणार आहे.

मग २.५ व्हॉल्यूमसाठी लिटरला १० ग्रॅम घालायची का? नाही. बिअर शांत दिसत असली तरी फर्मेंटेशनच्या वेळचा थोडा गॅस तिच्यात शिल्लक असतो. तो वजा करायचा आणि उरलेल्या फरकापुरतीच साखर घालायची. आता हा शिल्लक गॅस किती, हे अ‍ॅपला कसं कळणार? त्यासाठीच तो तापमान विचारतो.

धरणाची भिंत आणि पाऊस

द्रव जितका थंड, तितका त्यात जास्त गॅस मावतो. म्हणूनच फ्रिजमधला सोडा उघडला की 'फुस्स' होतो आणि उन्हात ठेवलेला उघडला की अंगावर येतो. साध्या दाबाला, म्हणजे उघड्या किंवा एअरलॉकच्या भांड्यात, बिअरमध्ये २० अंशांना सुमारे ०.८६ व्हॉल्यूम मावतो, १८ अंशांना ०.९२, १२ अंशांना १.१२ आणि २ अंशांना तब्बल १.५९.

आता बाटल्या भरताना तुमची बिअर २ अंशांवर आहे. अ‍ॅप विचारतं, तापमान किती? तुम्ही प्रामाणिकपणे २ टाकता. अ‍ॅप समजतं की बिअरमध्ये १.५९ व्हॉल्यूम गॅस आधीच आहे. आणि इथेच घोटाळा होतो.

धरणाचं उदाहरण घ्या. भिंत उंच केली की धरणाची क्षमता वाढते, पाणी वाढत नाही. पाणी वाढायला पाऊस लागतो. बिअरमध्ये पाऊस म्हणजे फर्मेंटेशन. १८ अंशांवर भिंत ठेंगणी होती, तेव्हा जास्तीचा गॅस एअरलॉकमधून वाहून गेला आणि ०.९२ उरला. त्यानंतर २ अंशांवर नेऊन तुम्ही भिंत उंच केली खरी, पण तोवर पाऊस थांबला होता. फर्मेंटेशन संपलं होतं, नवा गॅस आला कुठून? दोन महिने ठेवा नाहीतर सहा महिने ठेवा, आत तेवढाच ०.९२ असणार.

म्हणजे अ‍ॅपला द्यायचं तापमान बाटल्या भरायच्या दिवसाचं नाही. फर्मेंटेशन संपत आलं तेव्हापासून बाटली भरेपर्यंत बिअरने गाठलेलं सर्वांत जास्त तापमान द्यायचं. वरच्या उदाहरणात १८. कोणी डायअ‍ॅसिटिल रेस्ट न करता १२ अंशांवरच सगळं संपवून थेट थंडीत ठेवलं असेल, तर १२. माझ्या मते या रकान्याचं नावच 'फर्मेंटेशननंतरचं कमाल तापमान' असायला हवं. नुसतं 'बिअरचं तापमान' लिहिलं तर माणूस थर्मामीटर बुडवून समोर दिसेल तो आकडा टाकणार, त्यात त्याची काय चूक?

इथे एक चांगली शंका येते. भांड्यात बिअरच्या वर जी मोकळी जागा असते, तिथे कार्बन डायऑक्साइडच भरलेला असतो. थंड झाल्यावर बिअर तो परत शोषून घेत नाही का? घेते, पण किती? १९ लिटर बिअरवर १ लिटर मोकळी जागा असेल आणि तो सगळाच्या सगळा गॅस विरघळला, तरी १ भागिले १९ म्हणजे ०.०५ व्हॉल्यूम. जिभेला कळणारही नाही. उलट, थंड होताना वरचा गॅस आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, ही त्याहून मोठी डोकेदुखी आहे. थंडीत ठेवण्याआधी एअरलॉक पाण्याऐवजी जंतुनाशक द्रावणाने भरा, आणि तोही अर्धाच.

आकड्यांत फरक किती पडतो?

अ‍ॅपच्या आत काय चालतं ते बघू. बहुतेक कॅल्क्युलेटरांच्या मागे हेच समीकरण असतं:

शिल्लक गॅस = ३.०३७८ − (०.०५००६२ × टी) + (०.०००२६५५५ × टी × टी)

यात 'टी' म्हणजे फॅरनहाइटमधलं तापमान. १८ अंश सेल्सियस म्हणजे ६४.४ फॅरनहाइट. फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर टाकून बघा, ०.९२ येतं.

आता १९ लिटर बिअर, लक्ष्य २.५ व्हॉल्यूम, साधी साखर.

१८ टाकलं तर हवा असलेला फरक १.५८. त्याला ४ ने आणि १९ ने गुणा, साखर १२० ग्रॅम.

२ टाकलं तर फरक फक्त ०.९१, साखर ६९ ग्रॅम.

म्हणजे जवळजवळ निम्मी साखर कमी! आणि बाटलीत शेवटी गॅस किती होणार? खरा शिल्लक ०.९२ अधिक साखरेचा ०.९१, एकूण १.८३. लागर म्हणून ओतायची आणि ग्लासात फेसाचा पत्ता नाही.

शिकागोतल्या माझ्या एका मित्राचं हेच झालं होतं. त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, "अरे, तीन आठवडे झाले, बाटली उघडली की नुसता हुंकार देते. यीस्ट मेलं का रे?" मी त्याला म्हटलं, "आधी चव बघ. गोड लागते का?" तो म्हणाला, "नाही, अगदी कोरडी आहे." झालं, निदान तिथेच झालं. बिअर मिळमिळीत आणि किंचित गोडसर लागली तर साखर तशीच पडून आहे, म्हणजे यीस्टने काम केलं नाही. मिळमिळीत पण कोरडी लागली तर यीस्टने आपलं काम चोख केलंय, त्याला खायलाच कमी मिळालं. त्याने अ‍ॅपमध्ये फ्रिजचं तापमान टाकलं होतं.

अशा बाटल्या दुरुस्त करता येतात. कमी पडलेला गॅस ०.६७ व्हॉल्यूम, म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या एका बाटलीला जेमतेम १ ग्रॅम साखर. पण उघड्या बाटलीत कोरडी साखर टाकू नका. साखरेच्या प्रत्येक कणावर गॅसचे बुडबुडे धरतात आणि बिअर कारंज्यासारखी बाहेर येते. ५० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळायची, गार झाल्यावर उकळून थंड केलेलं पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करायची. बाटल्या फ्रिजमधून गारेगार काढायच्या, झाकण उघडून स्वच्छ सिरिंजने प्रत्येकीत २ मिलिलिटर पाक सोडायचा आणि लगेच नवं झाकण ठोकायचं. मित्राने एका दुपारी ४८ बाटल्यांचं हे काम केलं. कंटाळवाणं आहे, पण होतं.

फुटणारी बाटली: इथे मात्र गंमत नाही

मिळमिळीत बिअर म्हणजे फक्त हिरमोड. जास्त गॅस म्हणजे काचेचे तुकडे. २.५ व्हॉल्यूमची बाटली २० अंशांवर असते तेव्हा आतला दाब जवळजवळ २ बार असतो. कारच्या टायरमध्ये हवा भरतो तेवढ्याच्या आसपास. साधी बिअरची बाटली तेवढं आरामात सहन करते. त्याच्या पुढे जायचं असेल तर जाड काच लागते. शॅम्पेनची बाटली उगाच जड नसते, तिच्यात ५ ते ६ बार दाब असतो.

आता फोनवरच्या दोन सापळ्यांबद्दल. अमेरिकेतली अ‍ॅप्स मुळात गॅलन आणि फॅरनहाइटवर सेट असतात. गॅलनच्या रकान्यात १९ टाकलं तर अ‍ॅप समजतं ७२ लिटर बिअर आहे, आणि साखर सांगतं ४५० ग्रॅमच्या पुढे. ती १९ लिटरमध्ये घातली तर जवळजवळ ७ व्हॉल्यूम गॅस होतो. शॅम्पेनपेक्षा जास्त दाब, तोही साध्या पातळ बाटलीत. या बाटल्या फुटणारच. उलट, फॅरनहाइटच्या रकान्यात १८ टाकलं तर अ‍ॅप फक्त २१ ग्रॅम साखर सांगेल आणि बिअर शांतच राहील. म्हणून मघाचा ४ चा पाढा. १९ लिटर लागरला १०० ते १२५ ग्रॅम, यापेक्षा फार वेगळं उत्तर आलं की थांबा आणि युनिट तपासा.

तिसरा धोका अ‍ॅपला दिसतच नाही, आणि तो खास थंडीत ठेवलेल्या बिअरचा आहे. इडलीचं पीठ अर्धवट आंबलेलं असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर ते आंबायचं थांबतं. बाहेर काढलं की पुन्हा फुगायला लागतं. यीस्टचंही तसंच. फर्मेंटेशन पूर्ण व्हायच्या आधीच बिअर २ अंशांवर नेली, तर यीस्ट झोपतं. दोन महिने एकही बुडबुडा दिसत नाही, आपल्याला वाटतं संपलं. मग आपण साखर घालून, बाटलीत भरून, २० अंशांच्या खोलीत ठेवतो. यीस्ट जागं होतं आणि आपली साखर तर खातंच, वर मागची उरलेली पण संपवतं.

हिशोब असा. हायड्रोमीटरवरचा एक पॉइंट, म्हणजे ग्रॅव्हिटी ०.००१ ने उतरणं, बंद बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस देतं. बिअर १.०१० ला थांबायला हवी होती आणि १.०१४ लाच थंडीत गेली, तर ते चार पॉइंट पुढे २ व्हॉल्यूम जादा देतात. २.५ चे ४.५ झाले. दाब कारच्या टायरच्या जवळपास दुप्पट.

म्हणून थंडीत नेण्याआधी, १८ अंशांवर असताना, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा ग्रॅव्हिटी मोजा. आकडा हलला नाही तरच पुढे जा. प्रत्येक वेळी हायड्रोमीटरचा फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. दोन महिन्यांनी बाटल्या भरताना पुन्हा मोजा, पण नमुना आधी खोलीच्या तापमानाला आणून, हलवून त्यातला गॅस काढून मगच. थंड बिअर घट्ट असते, त्यामुळे २ अंशांवर हायड्रोमीटर दीड-दोन पॉइंट जास्त दाखवतो आणि उगाच घाबरायला होतं.

टिल्टसारखे तरंगते सेन्सर वापरणाऱ्यांना एक फायदा आहे. बिअरमध्ये टाकलं की ते ब्लूटूथवरून ग्रॅव्हिटी आणि तापमान दोन्ही फोनवर पाठवत राहतात. त्या ग्राफवर फर्मेंटेशनच्या शेवटाकडचं तापमानाचं टोक बघायचं, तोच आकडा प्रायमिंग अ‍ॅपमध्ये टाकायचा. शेवटची ग्रॅव्हिटी मात्र मी काचेच्या हायड्रोमीटरवरच बघतो. सेन्सरला बुडबुडे आणि यीस्टचा थर चिकटतो आणि एक-दोन पॉइंट इकडे-तिकडे होतात. चार पॉइंटवर बाटली फुटायची गोष्ट असेल तिथे तेवढी ढिलाई परवडत नाही.

दोन महिन्यांनंतर यीस्ट उरतं का?

उरतं. काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही यीस्टच्या भरपूर पेशी तरंगत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. साध्या ५ टक्क्यांच्या लागरला सहा-आठ आठवड्यांनंतरही त्या पुरतात. पण त्या थकलेल्या असतात, वेळ जास्त घेतात.

तीन-चार महिने ठेवली असेल किंवा बिअर ८-९ टक्क्यांची कडक असेल, तर मी नशिबावर सोडत नाही. १९-२० लिटरला २ ग्रॅम ताजं सुकं यीस्ट पुरेसं आहे. थोड्या कोमट, उकळून गार केलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून बाटल्या भरताना मिसळायचं. लागरचंच यीस्ट हवं असं नाही. साखर इतकी थोडी असते की चवीत फरक पडत नाही, कुठलंही साधं, तटस्थ चवीचं एलचं यीस्ट चालतं. बेकरीचं नको. आणि सेझॉन प्रकारचं तर मुळीच नको. त्यातली काही यीस्टं बिअरमधली गुंतागुंतीची साखरही फोडून खातात, जी बाकीच्यांना पचत नाही. बाटलीत ते काय करतील, तो हिशोब तुम्ही आता स्वतःच करू शकता.

बाटल्या भरण्याचा दिवस

बिअर आधी खोलीच्या तापमानाला आणायची का, हा नेहमीचा प्रश्न. गरज नाही. थंडच भरा. तळाचा गाळ घट्ट बसलेला असतो, वर येत नाही, ते सोयीचंच. साखर वजनावर मोजा, चमच्यावर नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचन स्केल पुरतो. अर्धा लिटर पाण्यात ती पाच-दहा मिनिटं उकळा, गार करा, बाटल्या भरायच्या बादलीत आधी हा पाक ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा. नळीचं तोंड बादलीच्या तळाशी ठेवा. वरून धार पाडली तर ऑक्सिजन मिसळतो आणि दोन महिन्यांची मेहनत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

थंड बिअरची एक खोड आहे. पाक तिच्यात पटकन मिसळत नाही, जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. मग काही बाटल्या शांत आणि काही उसळणाऱ्या. निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने सावकाश, फेस न करता ढवळा, आणि अर्ध्या बाटल्या भरून झाल्या की पुन्हा एकदा.

झाकणं लावल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये परत ठेवू नका! "लागर आहे ना, मग थंडच ठेवायला हवी," हे इथे लागू नाही. लागरच्या यीस्टला आता चव घडवायची नाही, फक्त चिमूटभर साखर संपवायची आहे. २० ते २२ अंशांवर अंधारात दोन ते तीन आठवडे. हिवाळ्यात इथली तळघरं १२-१३ अंशांवर जातात, तिथे ठेवल्या तर महिनाही पुरत नाही. मी घरातल्या कपाटात ठेवतो, झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात. एखादी फुटलीच तर काच आणि बिअर दोन्ही खोक्यातच राहतात.

गॅस झाला की नाही ते कसं कळणार? एक बाटली प्लास्टिकची ठेवा, सोड्याची स्वच्छ धुतलेली. भरताना ती दाबून वरची हवा काढून झाकण लावा. रोज बोटाने दाबून बघा. पिचकलेली बाटली फुगत जाते, आणि दगडासारखी कडक झाली की बाकीच्यांचंही झालं असं समजा. हा सगळ्यात स्वस्त सेन्सर. चार-पाच दिवसांतच भलतीच टणक झाली तर सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये हलवा. हलवताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. थंडीने दाब उतरतो आणि यीस्टही थांबतं.

तीन आठवड्यांनंतर पहिली बाटली उघडण्याआधी किमान दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. थंड झाल्यावर बाटलीच्या मानेतला गॅस बिअरमध्ये उतरायला तेवढा वेळ लागतो. दोन तास गार करून उघडली तर फेस भसकन येतो आणि पिताना बिअर सपक लागते, मग लोक साखरेला दोष देतात.

आणि मित्राकडे न्यायच्या असतील तर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत नुसत्या टाकू नका. २० अंशांना २ बार असलेला दाब ४० अंशांच्या जवळ दुपटीच्या आसपास जातो. आइसबॉक्समध्ये बर्फ घालून न्या, बाटल्या उभ्या ठेवून.